आधी डोकं, मग हात

चहा ते उभ्यानेच पीत. खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने दाबून बघत. बर्फावरून आखूड पावलं टाकत चालत आणि माझी लांब ढांग दिसली की च्च करत. बेकरीतला पाव अंगठ्याने दाबून बघत, मालकीण ओरडली की तिला हात जोडत. कुणाच्याही घरात शिरताना बूट काढत. एकदा नगरपालिकेच्या कचेरीतही काढले होते. साताऱ्याचं साप्ताहिक दोन महिन्यांनी हाती पडे, ते मागच्या पानापासून वाचत. बस रिकामी असली तरी दांडी धरून उभे राहत. दाढी दुपारी करत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सकाळी सकाळी ते थोबाड बघायची माझीच तयारी नसते."

आत्माराम पाडळकर गेले त्याला आज अकरा दिवस झाले. बावन्न वर्षांचे होते. मंगळवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बुधवारी सकाळी वसतिगृहाच्या फोनवर त्यांच्या बायकोचा, ट्रूडलचा निरोप आला. काल फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, जर्मनी हरली, गाव गप्प आहे. मला ही शांतता बरी वाटते. जे माहीत आहे ते लिहून ठेवतो.

आमची ओळख बासष्टच्या मार्चमध्ये झाली, आउसलेंडरआम्टच्या रांगेत. परदेशी माणसाने राहण्याच्या परवान्यावर शिक्का मारून घ्यायची ही कचेरी. मी पुण्याला मराठी साहित्यात एम.ए. करून एर्लांगेनला संशोधनासाठी आलो होतो. माझ्यापुढे एक बुटका, रुंद पाठीचा माणूस होता. कान मोडून गोळा झालेले, पैलवानांचे असतात तसे. खिडकीतली बाई त्याच्या आडनावाशी झटत होती. "हेर पा... पादाल..." हेर म्हणजे श्रीयुत; तिची गाडी त्यापुढे जात नव्हती.

तो मराठीत पुटपुटला, "चोवीस वर्षं झाली बाई, अजून तुझी जीभ वळंना."

मी हसलो. तो गर्रकन वळला.

"मराठी?"

"हो."

"कुठला?"

"पुण्याचा."

"असू दे," तो म्हणाला. "चालायचंच."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवलो. न्यूर्नबर्गपासून तासाभरावर, एका छोट्या गावात ते राहत. गावाबाहेर अमेरिकन सैन्याची छावणी होती आणि ते तिथे कामाला होते. मी त्यांना वस्ताद म्हणू लागलो. ते मला पंडित म्हणत, रागावले की सुधीर. छावणीतले शिपाई त्यांना पॅडी म्हणत. पूर्ण नाव फक्त पोस्टमनला येत असे.

ते तासगावकडचे. बारा वर्षांचे असल्यापासून तालमीत. एका संस्थानिकाने त्यांना अडतीस साली व्यायामशिक्षण शिकायला जर्मनीला पाठवलं. दीड वर्षात युद्ध सुरू झालं. परतीचा रस्ता बंद झाला. युद्धाची वर्षं एका इस्पितळात जखमींचे हातपाय चोळण्यात गेली. तिथेच ट्रूडल भेटली. ती धुलाईघरात होती. रस्ता उघडला तोवर ज्यांनी पाठवलं त्यांचं संस्थानच विलीन झालं होतं. "परत जाऊन कुणाला सांगू, मी शिकून आलो म्हणून?" एवढंच ते त्याबद्दल म्हणत.

मग अमेरिकनांनी त्यांना रेजिमेंटच्या फुटबॉल टीमचा मालिशवाला म्हणून घेतलं. हा अमेरिकन फुटबॉल. यात पायाचं काम कमी. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे निमुळता. दोन्ही बाजूंचे सात-सात दांडगे गडी एकमेकांसमोर ओणवे होतात आणि चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. त्यांच्या मागून कुणीतरी चेंडू घेऊन पळतो. त्याचं नाव पेपरात येतं. या सातांचं येत नाही. या सातांना लाइन म्हणतात.

एक्कावन्न सालची गोष्ट वस्तादांनी मला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा तशीच.

"ते गडी उभ्याने ढकलत होते. कपाट सरकवल्यासारखे. मी म्हटलं, वाका. कॅप्टन म्हणाला, तू तेल लाव. मग त्यांच्यातला सगळ्यात मोठा पुढे आला. एकशे पंधरा किलो. म्हणाला, ये, तूच वाकून दाखव."

"मग?"

"मग काय. कपाळ छातीत, हात मांडीला. दोन पावलं मागे गेला आणि बसला. बसल्या बसल्या विचारतो, हे काय होतं? मी म्हटलं, तासगाव."

त्या दिवसापासून लाइन त्यांच्याकडे आली. पंधरा हंगाम ती त्यांच्याकडे होती. या काळात अकरा मुख्य कोच आले आणि गेले. शिपाईही दोन वर्षांनी, फार तर तीन वर्षांनी घरी जात. एखाद्याला जरा समजू लागलं की त्याची बदली होई. दर ऑगस्टला नवे पंधरा गडी समोर उभे राहत आणि वस्ताद पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. वाक. अजून वाक. कंबर खाली. "पंधरा वर्षं पहिलीचाच वर्ग शिकवतोय मी," ते म्हणत. "पोरं पास होतात. मास्तर तिथंच."

छावणीच्या कागदांवर ते शेवटपर्यंत मालिशवालेच होते. टीमच्या फोटोंत ते टोकाला उभे दिसतात, खांद्यावर टॉवेल. मी एकदा विचारलं, "तुम्ही कुणाला सांगत का नाही?" ते म्हणाले, "काय सांगू? फोटोवाल्याला टॉवेल आवडतो."

त्यांची शिकवण चार शब्दांची होती. आधी डोकं, मग हात. इंग्रजीत ते 'हेड फर्स्ट, देन हँड्स' म्हणत आणि सराव संपताना पंधरा गडी एका आवाजात तेच ओरडत. त्यासाठी ते रोज अर्धा तास मानेची मेहनत करून घेत. गडी पाठीवर पडून, टाळू जमिनीला लावून, अंगाची कमान करत. नंतर वस्ताद प्रत्येकाची मान स्वतः चोळत. आसपासच्या छावण्यांत त्यांच्या लाइनची धास्ती होती. मी शनिवारी सामने बघायला जाई. मला खेळ कधीच कळला नाही. समोरची रांग फुटताना मात्र दिसायची.

पासष्टच्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारीही मी तिथे होतो. रॉय लिंडक्विस्ट हा मिनेसोटाचा मुलगा, वीस वर्षांचा, त्या वर्षी लाइनमध्ये डावीकडून दुसरा असे. चेंडू हलला. रॉय शिकवलं होतं तसा खाली गेला, तीन पावलं धावला आणि समोरच्याच्या छातीत त्याने डोकं घातलं. समोरचाही त्याच वेळी खाली आला होता. आवाज फार मोठा झाला नाही. दोघेही पडले. समोरचा उठला.

वस्ताद धावले. त्यांनी कुणालाही रॉयला हलवू दिलं नाही. गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. रॉय शुद्धीत होता. तो म्हणाला, "कोच, माझे हात कुठे आहेत?"

हात त्याच्या पोटावर होते.

त्याला विमानाने घरी नेलं. तो जगला. हातपाय परत आले नाहीत. चौकशी झाली, अपघात असं ठरलं. त्या वर्षीचे मुख्य कोच कॅप्टन होल्डन वस्तादांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पॅडी, हा खेळच असा आहे." वस्तादांनी रॉयच्या आईला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. तिने लिहिलं होतं की रॉय म्हणतो तुमची काही चूक नाही, तुम्ही त्याची मान चोळायचात त्याची तो आठवण काढतो.

"शिव्या द्यायला हव्या होत्या तिने," वस्ताद म्हणाले. ते पत्र घडी करून त्यांनी खिशात ठेवलं.

नोव्हेंबरभर ते फारसं बोलले नाहीत. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी ट्रूडल चर्चला गेली होती, तेव्हा एकदम म्हणाले, "तालमीत दोघं आधी हात धरून उभे असतात. मग डोकं लागतं. तिथे डोकं टेकवायचं असतं, सुधीर. आदळायचं नसतं."

त्यांनी टेबलावर तळहात पसरला.

"खाली मऊ माती. डोकं उघडं. उघडं डोकं आपोआप जपून राहतं. इथे लोक धावत येतात आणि डोक्यावर टणक टोप. टोप घातलेलं डोकं भीत नाही. मी यांना तालमीतलं डोकं दिलं आणि मैदानात सोडलं."

"पण पंधरा वर्षं कुणाला काही झालं नाही."

"झालं नाही, का मला कळलं नाही? दोन वर्षांनी घरी जातात सगळे."

त्याच आठवड्यात नाताळची कार्डं आली. दरवर्षी येत. जुने गडी पाठवत. त्यातलं एक ओहायोहून होतं, एलिस टेट याचं. तो चौपन्न साली लाइनमध्ये होता, आता शाळेत शिकवत होता. कार्डात फोटो होता. अकरा-बारा वर्षांची वीस मुलं ओणवी झालेली. टोप इतके मोठे की डोळे दिसत नव्हते. फोटोमागे लिहिलं होतं, "कोच पॅडी, हेड फर्स्ट! ही सगळी तुमची नातवंडं."

वस्तादांनी तो फोटो माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे गेले. मी फोटोतल्या मुलांच्या माना बघत होतो. माझ्या मनगटाएवढ्या होत्या.

एलिसला त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. फेब्रुवारीत त्याचं उत्तर आलं. त्याने तो प्रकार पत्र वाचलं त्याच दिवशी बंद केला होता. पुढे लिहिलं होतं, "माझ्या माहितीतले आपले आणखी सहा जण शाळांतून शिकवतात. मी सांगून ते ऐकणार नाहीत. म्हणतील, टेटला कधी नीट जमलंच नाही. कोच, तुमचं ऐकतील."

वसंतात नवे मुख्य कोच आले, एक मेजर. वस्तादांनी त्यांना सांगितलं, या वर्षीपासून मी लाइनला खांदा आधी शिकवणार. मेजर म्हणाले, "जिंकणारी लाइन का मोडायची?" दोन महिने वस्ताद त्यांच्या मागे लागले. मे महिन्यात त्यांनी शिट्टी मेजरच्या टेबलावर ठेवली आणि मालिशच्या खोलीत परत गेले. घरी येऊन म्हणाले, "पुन्हा तेल."

"बरं तर, तेलाने कुणाची मान मोडत नाही," ट्रूडल म्हणाली.

मग पत्रं सुरू झाली.

पंधरा वर्षांची कार्डांची पाकिटं ट्रूडलने बुटांच्या खोक्यांत ठेवली होती. त्यांवरून पत्ते निघाले, एकशे एकतीस. त्यांतले कोण शिकवतात ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी ते शोधून काढू, तेवढ्यांनाच लिहू. वस्ताद म्हणाले, "प्रत्येकाला पोरं असतात. प्रत्येकाच्या अंगणात चेंडू असतो." अमेरिकेतल्या शाळांचा सराव ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो. "पंधरा ऑगस्ट," ते म्हणाले. "आपलं स्वातंत्र्य आणि त्यांची टक्कर." विमानाचं टपाल धरून शेवटचं पत्र पाच ऑगस्टला पडायला हवं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बसलो. ते चार वाजता कामावरून येत. मी साडेचारला पोहोचे. ते मराठीत सांगत, मी इंग्रजी करून देई, ते स्वतःच्या हाताने लिहीत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कुस्तीत मोडून वाकडी बसलेली होती. एका पत्राला दीड तास लागे.

पहिल्या पत्रात मी लिहून दिलं होतं की 'अलीकडच्या अनुभवातून असं दिसून आलं आहे.' त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोण बोलतंय? मेजर?"

"जरा सौम्य केलं."

"सौम्य नको. लिही, मी चूक शिकवलं. माझी चूक होती."

तेच वाक्य शेवटपर्यंत राहिलं. पुढे खांद्याची गोष्ट. डोकं बाजूला आणि वर, नजर समोरच्याच्या छातीवर. तुझ्या मुलांना आजच सांग. खाली सही, पॅडी.

दहा दिवसांत बारा पत्रं गेली. मी हिशोब केला. या वेगाने सप्टेंबर उजाडणार होता.

"वस्ताद, विद्यापीठात सायक्लोस्टाइलचं यंत्र आहे. एका दुपारी एकशे एकतीस प्रती निघतील."

"छापील कागद सगळ्यांना येतात. त्यांचं काय करतात ठाऊक आहे? शेगडी पेटवतात."

"मजकूर तर एकच आहे."

"एकच कसा? हा मिलर. उंच गडी, पटकन वाकायचा नाही, मान तिरकी धरायचा. त्याला सांगायला हवं की तीच तिरकी मान त्याला वाचवत होती, पोरांनाही तशीच शिकव. आणि हा ऑर्टेगा. बैल. याला दरडावलं पाहिजे. छापील कागद दरडावतो का?"

"ऑगस्ट थांबणार नाही."

"मला ऑगस्ट शिकवू नकोस, सुधीर. पंधरा ऑगस्ट झाले माझे त्या मैदानात."

"भांडा," ट्रूडल चुलीजवळून म्हणाली, "पण टेबल सहाला रिकामं करा. माझ्याकडे एकच टेबल आहे."

मी नाद सोडला. तो सोडायला नको होता, असं आता वाटतं. मी त्यांना न विचारता यंत्र चालवू शकलो असतो. पण त्यांना प्रत्येक माणूस आठवत होता. पत्ता वाचला की ते डोळे मिटत, दोन्ही हात हवेत धरत, जणू ती मान हातांत आहे, आणि मग सांगू लागत. एकेकाला आठवायला दहा मिनिटं लागत. आठवलं की थकलेले दिसत. बोटं चोळत म्हणत, "दमलो रे. पण हे दमणं जुनंच आहे."

उत्तरं नऊ आली. सात जणांनी ऐकलं होतं. एकाने फक्त तब्येत विचारली होती. एकाने लिहिलं, "कोच, तुम्ही म्हातारे झालात. आम्ही गेल्या वर्षी जिल्हा जिंकलो." त्याला वस्तादांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, चार पानं. त्या दिवशी दुसरं पत्र झालं नाही. मी घड्याळाकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं.

"एक पोरगं," ते म्हणाले. "त्याच्याकडचं एक पोरगं जरी..."

एकोणीस जुलैचा मंगळवार. अठ्ठावन्न पत्रं गेली होती. एकोणसाठावं हॅरल्ड कॉब याला होतं, इंडियानात. तो सत्तावन्न साली लाइनमध्ये होता. वस्तादांनी डोळे मिटले, हात धरले. बराच वेळ तसेच होते. मग तुकड्या-तुकड्याने सांगत, मी इंग्रजी देई तशा चार-पाच ओळी लिहिल्या आणि वाक्याच्या मध्येच थांबले.

"याची चाल नीट आठवत नाहीये."

"जेवढं आठवतंय तेवढं लिहा."

"अर्धवट सांगून कसं चालेल? अर्धवट सांगितलं म्हणून तर हे झालं." ते खुर्चीवर मागे टेकले. त्यांचा चेहरा राखेसारखा होता. मला तो थकवा वाटला. रोजच वाटायचा. "उद्या पुरं करू. पडल्या पडल्या आठवेल."

पाच वाजले होते. हातात तासभर होता. मी म्हटलं, "रोज एक पत्र मागे पडतंय, वस्ताद."

"जा, जा, हेर डॉक्टर," ते म्हणाले. "उद्या दोन लिहू."

मी बस पकडली. सकाळी उठून त्यांनी ट्रूडलकडे पाणी मागितलं. ती घेऊन आली तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

शनिवारी त्यांना पुरलं. गावातले वीसेक लोक होते. बेकरीची मालकीण होती. मेजरने पुष्पचक्र पाठवलं, त्याच्या फितीवर 'कोच' असं लिहिलं होतं. ट्रूडलने ती फीत बघितली आणि म्हणाली, "आता?"

सोमवारी मी विद्यापीठात जाऊन यंत्र चालवलं. तीन ओळी. कोच पॅडी वारले. डोकं आधी घालू नका, मुलांना घालू देऊ नका, खांदा आधी. ही त्यांची शेवटची शिकवण आहे. मी सगळ्यात वर 'माझी चूक होती' हे वाक्य घालून पाहिलं. माझ्या टाइपमध्ये ते कुणाचंच वाटेना. काढून टाकलं. त्र्याहत्तर प्रती काढल्या. ट्रूडलने पत्ते लिहिले, आम्ही त्या बुधवारी टपालात टाकल्या. कॉबलाही त्यातलीच एक गेली. पंधरा तारखेच्या आत पोहोचतील. कुणी वाचल्या की शेगडीत गेल्या ते कळायला मार्ग नाही.

वस्तादांनी लिहायला घेतलेला कागद ट्रूडलने मला दिला. तिला इंग्रजी येत नाही. काय लिहिलंय म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी तिला वाचून दाखवलं.

"प्रिय हॅरल्ड, तू डाव्या पायावर भार टाकून बसायचास आणि चेंडू हलायच्या आधी श्वास कोंडून धरायचास. मी तुला आधी डोकं म्हणून शिकवलं. मी चूक शिकवलं. माझी चूक होती. आता तुझ्या मुलांना शिकवताना एवढं ध्यानात ठेव, की तू जेव्हा उजवीकडून"

पुढे कागद कोरा आहे. ट्रूडलने विचारलं, "उजवीकडून काय?" मी तिला म्हटलं, ते मला माहीत नाही.